आधी मीटर दाखवा

मी एका हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ८४ बिऱ्हाडं, दोन विंगा, एक तळटाकी आणि पालिकेचा एकच मीटर. दर महिन्याच्या एक तारखेला वॉचमन लोखंडी झाकण उचलून रीडिंग घेतो आणि मी ते जिन्याखालच्या फळ्यावर लिहितो. त्यावरून दर महिन्याला भांडण होतं. ए विंगवाले रोज गाड्या धुतात, बी विंगमध्ये कुणाचा तरी फ्लश गळतो, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी नळ चालू ठेवून पालेभाजी धुतात, असे सगळे आरोप फळ्यासमोर उभं राहून होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात पालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लावली, तेव्हा तर फळ्यापाशी रोज सकाळी सभाच भरायची. मला या भांडणांचा मनापासून कंटाळा आहे. पण ती होतात म्हणून आमचं पाणी आटोक्यात राहतं, हेही मी इतक्या वर्षांत शिकलो आहे.

आम्ही साकीनाका ते पवई या पट्ट्यात राहतो. इथे गेल्या काही वर्षांत एका नव्या तऱ्हेच्या इमारती उभ्या राहिल्या. उंच, गुळगुळीत, जवळजवळ बिनखिडक्यांच्या. पूर्वी याच भागात कारखाने होते. त्यांची शिफ्ट सुटली की रस्ता भरून जायचा, वडापावच्या गाड्या त्यावर चालायच्या. या इमारतींतून तशी गर्दी बाहेर पडत नाही. गेटवर चार सुरक्षारक्षक आणि रात्री दोन वाजता सगळं निजल्यावर ऐकू येणारी गच्चीवरच्या यंत्रांची घरघर, एवढीच त्यांची ओळख. ही डेटा सेंटरं, म्हणजे फोनवरचा आणि इंटरनेटवरचा सगळा डेटा साठवणाऱ्या मोठ्या संगणकांची, सर्व्हरची, कोठारं. देशातली जवळपास निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत एकवटली आहे आणि त्याचं मोठं कारण आपला समुद्र आहे. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबली वर्सोव्यासारख्या किनाऱ्यांवर वर येतात. १८७० साली समुद्रातून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, तेव्हापासून ही वहिवाट आहे.

मध्यंतरी एका मोठ्या डेटा कंपनीच्या कार्यक्रमाचं मला बोलावणं आलं. एका शाळेत टॅब वाटायचे होते आणि परिसरातले 'मान्यवर' म्हणून आसपासच्या सोसायट्यांचे पदाधिकारी बोलावले होते. नारळ, शाल, फोटो, मुलांचं स्वागतगीत, सगळं यथासांग झालं. मुलांचे चेहरे खरोखर फुलले होते; त्या आनंदाची टिंगल करण्याची माझी इच्छा नाही. चहाच्या वेळी मी कंपनीचं सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीचं, काम बघणाऱ्या बाईंना सहज विचारलं, "तुमच्या इथल्या इमारतीला महिन्याला पाणी किती लागतं हो?" त्या हसल्या. "काका, ते फॅसिलिटीवाले बघतात." मग त्यांनी मला कंपनीचा अहवाल दिला. जाड, गुळगुळीत कागदाचा. घरी येऊन मी तो शेवटपर्यंत चाळला. त्यात पाण्याचा आकडा होता, पण तो देशभरातल्या सगळ्या इमारतींचा मिळून एकच. वीज होती, तीही तशीच. शाळेचं नाव, वाटलेल्या टॅबची संख्या, लावलेल्या झाडांची संख्या मात्र गावनिहाय.

तो अहवाल अजून माझ्या टेबलावर आहे, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे. डेटा कंपनी समाजासाठी काय करते हे आपण तिने वाटलेल्या वस्तूंवरून मोजतो. ते तिच्या मीटरवरून मोजायला हवं: प्रत्येक इमारतीचं पाणी, वीज आणि जाळलेलं डिझेल, महिन्याच्या महिन्याला, सगळ्यांना दिसेल असं. हे होत नाही तोवर तिच्या सामाजिक जबाबदारीवर बोलण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

मापं चुकली याला कायदाही थोडा कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी अट लागू झाली तरी तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कोणती कामं चालतील त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे: शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, ग्रामविकास वगैरे. नियमांत एक अट अशी की कंपनीच्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात केलेलं काम यात धरायचं नाही. अट रास्त आहे. नाहीतर साबणवाल्याने साबणाची जाहिरातही 'स्वच्छता जनजागृती' म्हणून दाखवली असती. पण तिचा एक उलटा परिणाम झाला. स्वतःच्या गच्चीवरच्या जनरेटरचा धूर कमी केला तर ती 'जबाबदारी' म्हणून मोजली जात नाही, आणि पन्नास किलोमीटरवर रोपं लावली तर मोजली जाते. जबाबदारी हा शब्दच धंद्याच्या दाराबाहेर काढून ठेवला गेला.

दुसरी गोम नफ्याची. डेटा सेंटर हा भांडवल खाणारा धंदा आहे. इमारत, चिलर म्हणजे थंडावा देणारी यंत्रं, बॅटऱ्या, सर्व्हर, या सगळ्याचा घसारा सुरुवातीची वर्षं नफा गिळून टाकतो. वहीत नफा नाही म्हणजे दोन टक्केही नाहीत. यंत्रं मात्र पहिल्या दिवसापासून वीज ओढतात. शिवाय कंपनी अनेक देशांत पसरलेली असेल, तर कोणत्या देशातल्या वहीत किती नफा दाखवायचा याला बऱ्याच वाटा असतात. भार विजेवर आणि पाण्यावर पडतो आणि भरपाई मोजली जाते ती नफ्यावर. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच नाही.

मुंबईला देणगीदारांचं कौतुक पहिल्यापासून आहे. माहीमचा कॉजवे १८४५-४६ च्या सुमारास झाला तो लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या पैशातून. त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. आजच्या टोलनाक्यांवर उभं राहून वाचावी अशी ती अट आहे. त्यांचे यजमान सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. माझी आई तिथे बाळंत झाली, मी तिथलाच. आणि हेही नोंदलेलं आहे की सर जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती. म्हणून जे. जे. बंद करा असं कुणी म्हणणार नाही. पण जे. जे.मधल्या खाटा मोजून चीनच्या कँटन बंदरातल्या अफूचा हिशेब लागत नाही. ती दोन वेगळी खाती आहेत, आणि पहिल्या खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही. आजच्या सीएसआर अहवालांत नेमका तोच प्रयत्न चाललेला असतो, फक्त अफूच्या जागी धूर आणि खाटांच्या जागी रोपं.

याहून जवळचं उदाहरण मुळशीचं. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती, म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचा चेहरा झाले. लढा मोडला, जमिनी पाण्याखाली गेल्या, १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. ती वीज त्या काळात अभिमानाने 'स्वच्छ' म्हणून सांगितली जायची, आणि ते खोटं नव्हतं: गिरण्यांच्या बॉयलरचा कोळसा तिने वाचवला. मुंबईची हवा सुधारली, मावळातली भातखाचरं गेली. गिरणगावात दिवा लावणाऱ्याला मुळशी दिसत नव्हती. आजही मुंबईत दिवा लावताना मला ती दिसत नाही. डेटा कंपनीच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढलं आहे, कारण तिने आपल्या मालालाच 'क्लाउड' असं नाव दिलं आहे. ढगाला कुठे आलंय गाव?

पण गाव आहे. ढगाची नळजोडणी तपासायची तर शहापूर तालुक्यात जावं लागतं. मुंबईला सात तलावांतून रोज साधारण ३८५ ते ४०० कोटी लिटर पाणी येतं. त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूरमध्ये. आणि शहापूरच्याच पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावं लागतं, ही बातमी इतकी जुनी झाली आहे की वर्तमानपत्रं ती आता आतल्या पानावर टाकतात.

एका डेटा सेंटरला पाणी कशाला लागतं, तर सर्व्हरची उष्णता घालवायला. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. ती घालवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे कूलिंग टॉवरमधून पाण्याची वाफ करणं. माठातलं पाणी गार होतं तोच न्याय. हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. एक मेगावॉटचा भार दिवसभर चालला तर ८६,४०० मेगाज्यूल उष्णता तयार होते. ती सगळी वाफेने घालवायची म्हटली तर रोज सुमारे ३६,००० लिटर पाणी उडून जातं. क्षार साठू नयेत म्हणून टॉवरमधलं थोडं पाणी सतत सोडूनही द्यावं लागतं, ते वेगळं. माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष धरला तर आमच्या सोसायटीला रोज ४५,००० लिटर लागतात. म्हणजे एक मेगावॉट हा जवळपास आमच्या सोसायटीएवढा. आणि आज नवी डेटा सेंटरं एका मेगावॉटची नसतात, दहा-दहा, पन्नास-पन्नास मेगावॉटची असतात.

इथे कंपन्यांची एक बाजू मांडायलाच हवी. सगळेच कूलिंग टॉवर वापरत नाहीत. मुंबईची हवा दमट. तिच्यात वाफ होण्याला मर्यादा येतात, आणि पाण्याचा भरवसाही नाही. म्हणून पुष्कळ जणांनी हवेवर चालणारे चिलर लावले आहेत, ज्यांना पाणी फारच कमी लागतं. पण मग वीज जास्त लागते. पाणी वाचवलं की विजेचं बिल फुगतं, वीज वाचवली की पाण्याचं. अहवालात 'आम्ही पाण्याचा वापर इतक्या टक्क्यांनी घटवला' असं चमकदार अक्षरात येतं, तेव्हा शेजारी विजेचा आकडा शोधावा. बहुधा तो दुसऱ्या प्रकरणात, दुसऱ्या एककात दिलेला सापडतो. दोन्ही आकडे एका इमारतीचे आणि एका महिन्याचे मिळाले तरच खरं काय ते कळतं.

वीज कुठून येते, हा प्रश्न तर मुंबईत टाळताच येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून सगळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहराला कळलं की बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत. खारघर-विक्रोळीची उच्चदाबाची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. तरी मागणी वाढतेच आहे, आणि ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरचे कोळशाचे संच, जे बंद करण्याचं ठरत होतं, त्यांना मुदतवाढ मिळाली. वाढत्या मागणीत डेटा सेंटरांचा वाटा किती? वीज वितरण कंपन्यांना तो युनिटपर्यंत माहीत आहे. आपल्याला नाही.

त्या धुराच्या सावलीत चेंबूरजवळचं माहुल आहे. तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनं, वीजघर, आणि मध्ये माणसं. त्यातली कितीतरी माणसं तिथे आली ती स्वखुशीने नाही. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची १०-१० मीटर जागा मोकळी करायची म्हणून तिथल्या वस्त्या उठवल्या आणि लोकांना माहुलच्या इमारतींत नेऊन टाकलं. तिथली हवा राहण्याजोगी नाही, हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला सांगितलं, या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या, म्हणजे ती दुसरीकडे राहू शकतील. ज्या नळातून शहराचं पाणी येतं त्याच्या कडेची माणसं उचलून, जिथून शहराची वीज येते त्या चिमणीखाली ठेवली. त्या वीजघराची वीज डेटा सेंटरांतही जाते आणि माझ्या घरातल्या फ्रिजमध्येही. फरक इतकाच की माझं बिल पाहून माझा वाटा कुणालाही सांगता येईल.

कलम १३५ मध्ये एक वाक्य आहे: कंपनीने जिथे काम चालतं तो स्थानिक परिसर आणि त्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. हे बंधनकारक नाही, निव्वळ मार्गदर्शक आहे, असा खुलासा केंद्राने नंतर केला. पण प्रश्न उरतोच. डेटा कंपनीचा स्थानिक परिसर कोणता? तिच्या गेटसमोरची शाळा? माझ्या मते तिचा परिसर तिच्या तारा आणि तिचे पाइप जिथवर जातात तिथवर आहे. त्या अर्थाने माहुल आणि शहापूर हे साकीनाक्याच्या इमारतीचे शेजारी आहेत, आणि मी, जो गेटपासून चालत पाच मिनिटांवर राहतो आणि चहाला बोलावला जातो, तो त्यांच्यानंतर.

'पण आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो', हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात असतं. ते वाचताना थोडं सावकाश वाचावं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा: वर्षभरात जितकी युनिटं वापरली तितकीच सौर किंवा पवन वीज कुठेतरी, म्हणजे राजस्थानात किंवा मराठवाड्यात, आमच्या नावे विकत घेतली. दुपारी बारा वाजता जैसलमेरला तयार झालेली युनिटं रात्री दोन वाजता मुंबईत वापरलेल्या युनिटांसमोर मांडून वजाबाकी शून्य दाखवायची. रात्री दोनला मुंबईत सूर्य नसतो. वीज येते ती त्या क्षणी ग्रिडवर जे चालू असेल त्यातून. खरेदी खोटी नसते, त्या पैशातून नवी सौर पॅनेलं उभी राहतात, हे मान्य. पण महिन्याभराचा उपास आणि एकादशीचा उपास यात जो फरक आहे तो तासानुसारच्या आणि वर्षानुसारच्या हिशेबात आहे.

आणि या सगळ्या शपथा घेऊनही मोठ्यांचे आकडे कुठे गेले ते त्यांनीच सांगितलं आहे. गूगलने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठरवलं होतं. २०२४ च्या अहवालात २०१९ च्या तुलनेत उत्सर्जन ४८ टक्के वाढल्याची नोंद आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणखी मोठी प्रतिज्ञा केली होती. २०२३ पर्यंत त्यांचं उत्सर्जन २९ टक्क्यांहून जास्त वाढलं. कारण दोघांचंही एकच, डेटा सेंटरं. मी याला लबाडी म्हणणार नाही, उलट आकडा छापल्याबद्दल त्यांना गुण देईन. इथे आपल्याकडे तो छापला जात नाही, हे माझं दुखणं आहे.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ठरवून दिलेला एक अहवाल आहे, व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल. २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे. त्यात एकूण वीज, पाणी, पाण्याचा स्रोत, सगळं विचारलं जातं. चांगली सुरुवात आहे. पण टंचाईग्रस्त भागातल्या एकेका प्रकल्पाचं पाणी वेगळं दाखवा, हा प्रश्न ऐच्छिक रकान्यात आहे. आणि मुंबईतल्या पुष्कळ डेटा सेंटरांच्या मालक कंपन्या शेअर बाजारात नाहीतच. खाजगी किंवा परदेशी मालकीच्या उपकंपन्या आहेत. त्यांना हा फॉर्म लागूच नाही. पर्यावरण मंजुरीचीही तीच तऱ्हा. २००६ च्या अधिसूचनेत डेटा सेंटर असा स्वतंत्र वर्ग नाही. ते 'बांधकाम' म्हणून तपासलं जातं, २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर. आत किती मेगावॉट जळणार यापेक्षा बाहेरून किती चौरस फूट बांधलं हे महत्त्वाचं. गोदाम आणि भट्टी एकाच फुटपट्टीने मोजण्यासारखं हे झालं.

गुप्तता हवी, कारण स्पर्धक पाहतील, असं उत्तर मिळतं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅलेस नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या गूगलच्या डेटा सेंटरांना किती पाणी लागतं, असं एका वर्तमानपत्राने विचारलं. शहराने उत्तर दिलं, ते व्यापारी गुपित आहे, आणि वर त्या वर्तमानपत्रावरच खटला भरला. वर्षभराहून जास्त रखडून तो २०२२ च्या डिसेंबरात मिटला आणि आकडा बाहेर आला: २०२१ मध्ये सुमारे १३४ कोटी लिटर, म्हणजे शहराच्या एकूण पाण्याच्या पावपटीहून जास्त. आकडा बाहेर आल्यावर गूगल बुडालं नाही. उलट कंपनीने आपल्या डेटा सेंटरांचं पाणी ठिकाणवार जाहीर करायला सुरुवात केली. युरोपीय संघाने तर २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशानुसार ५०० किलोवॉटच्या वरच्या डेटा सेंटरांना वीज आणि पाण्याची माहिती देणं सक्तीचं केलं. गुपिताचा युक्तिवाद तिथे टिकला नाही. मुंबईत तो कुणी अजून तपासलेलाच नाही.

माझा भाचा याच क्षेत्रात आहे. तो मला म्हणतो, "मामा, तू दिवसातून दहा वेळा यूपीआय करतोस, रिक्षाही फोनवरून बोलावतोस, आणि तक्रार डेटा सेंटरची?" त्याचं खरं आहे. हा लेखही मी फोनवर टाइप केला आणि तो कुठल्या तरी गार खोलीत साठवला गेला आहे. मी ग्राहक आहे. पण पाणी पिणाऱ्याला पाण्याचा हिशेब मागता येत नाही, असं कधीपासून ठरलं? त्याचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: फार त्रास दिला तर गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल. गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमसाठी १५ अब्ज डॉलरची घोषणा केलीच. तरी मला वाटतं, समुद्रातली केबल, शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालयं एका रात्रीत उठून जात नाहीत. आणि जी कंपनी निव्वळ मीटरचा आकडा सांगावा लागतो म्हणून शहर सोडेल, तिच्या मीटरमध्ये काय आहे याची मला जास्तच काळजी वाटेल.

देणगीच्या भाषेतच बोलायचं तर एक गोष्ट आपण विसरतो. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना मुद्रांक शुल्कात आणि विद्युत शुल्कात सवलती आहेत. विद्युत शुल्क मी भरतो, माझ्या बिलात ती ओळ दर महिन्याला असते. कंपनीला ते माफ असेल, तर राज्याच्या तिजोरीत तेवढी रक्कम कमी येते. म्हणजे टॅबच्या कितीतरी आधी पहिली देणगी आपणच दिलेली आहे, तीही शाल-नारळ न घेता. आता सवलत घेतलेल्याने मीटर उघडा ठेवावा, ही अट सरकारला एका शासन निर्णयात घालता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही.

आणि तेवढंही सरकारला जड जात असेल तर पालिकेला आजही काही करता येईल. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर यायचं म्हणून. पाण्याची बिलं तीच काढते. मालमत्ता कर थकवणाऱ्या बड्या धेंडांची यादी ती नावानिशी जाहीर करते, तेव्हा कुणाच्या गुपिताचा प्रश्न येत नाही. त्याच धर्तीवर प्रत्येक वॉर्डातल्या सर्वांत मोठ्या शंभर पाणीग्राहकांची यादी, महिन्याच्या किलोलिटरसह, वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावायला किती कागद लागेल? त्या यादीत हॉटेलं असतील, मॉल असतील, इस्पितळं असतील, कदाचित एखादी माझ्यासारखी सोसायटीही असेल. टँकरने येणारं पाणी तिच्यात दिसणार नाही, म्हणून टँकर पुरवठादारांच्या नोंदी जोडाव्या लागतील. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी भूजलाच्या परवान्यांच्या नियमांवरून संप केला, तेव्हा शहराचा किती कारभार त्यांच्यावर चालतो ते चार दिवसांत दिसलंच होतं.

मागच्या आठवड्यात त्याच कंपनीचं पुन्हा पत्र आलं. जागतिक जलदिनानिमित्त परिसरातल्या सोसायट्यांना नळाला लावायची पाणीबचतीच्या तोट्या वाटायच्या आहेत, सेक्रेटरींनी घरांची संख्या कळवावी. मी कळवली, ८४. सोबत लिहिलं की आमचं मागच्या महिन्याचं रीडिंग १,३६२ किलोलिटर आहे, तुमचं किती ते कळवलंत तर तोट्या बसवल्यावर दोघांचीही तुलना फळ्यावर लावता येईल. त्यांचं उत्तर आलं: तोट्या पंधरा तारखेला पोहोचतील.